शेऱ्याचा रकाना आणि घराची अब्रू

गावाच्या दप्तरात आपल्याविषयी काय काय लिहिलेले आहे, याचा कधी हिशेब केला आहे काय? सातबारा आपण काढतो, फेरफार तपासतो. शेजाऱ्याने बांध हातभर सरकवला तर मोजणी मागवतो, कोर्टाची पायरी चढतो. पण अंगणवाडीच्या वहीत, आशाताईंच्या डायरीत, संस्थेच्या कार्यकर्त्याच्या गृहभेटीच्या रजिस्टरात, तहसीलच्या चौकशी अहवालात आपल्या घराविषयी जी एक ओळ लिहिली जाते, ती वाचायला कोणी मागत नाही. ज्याने लिहिली तोही ती पुन्हा वाचत नाही. ओळ मात्र लिहिणाऱ्याची बदली झाली, सांगणारा मेला, तरी फायलीत शाबूत असते.

एका गावातली गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगणार नाही, तालुक्याचेही नाही. का, ते पुढे कळेलच. कोरडवाहू चार एकर, कापूस आणि तूर. लागोपाठ दोन हंगाम गेले, सोसायटीचे कर्ज थकले, नोटीस आली आणि घरच्या कर्त्या माणसाने जीव दिला. मागे बायको, एक मुलगी, एक मुलगा आणि म्हातारी सासू.

अशा मृत्यूनंतर सरकारकडून कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत मिळते, हे आपल्याला ठाऊक आहे. तीस हजार हाती आणि सत्तर हजार मुदत ठेवीत. मदत द्यायची की नाही, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. जमीन होती का, कर्ज होते का, वसुलीचा तगादा होता का, या प्रश्नांची उत्तरे कागदावर लागतात. समितीतले लोक काही त्या घरी येऊन बसत नाहीत. त्यांच्यापुढे येतो तो पंचनामा, शेजाऱ्यांचे जबाब आणि खालून वर गेलेला अहवाल.

या घराकडे सातबारा होता, थकबाकीचा दाखला होता, नोटीसही होती. तरी प्रकरण 'अपात्र' ठरले. का ठरले, हे त्या बाईंना दोन वर्षे कळले नाही. कचेरीत गेले की "वरून नामंजूर झालंय" एवढेच उत्तर. शेवटी माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावले आणि नकला मिळाल्या. त्या दिवशी मी सोबत होतो. बाई सातवीपर्यंत शिकलेल्या. कचेरीच्या ओट्यावर बसून त्यांनी स्वतःच कागद वाचला. शेवटी शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ होती: मयत इसम दारूच्या व्यसनाधीन होता व त्यावरून घरात सतत वाद होत असत, असे समजते.

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग मला विचारले, "भाऊ, हे 'समजते' म्हणजे कोणाला समजते?"

मला उत्तर देता आले नाही. आजही देता येत नाही.

फायलीत दोन शेजाऱ्यांचे जबाब होते, खाली सह्या होत्या. दोघांनाही विचारले. एक म्हणाला, "चावडीवर कागद पुढं केला, सही केली. वाचला नाही." दुसरा खाली मान घालून म्हणाला, "पोळ्याच्या दिवशी प्यायचा, एवढंच मी बोललो होतो, वहिनी." पोळ्याच्या दिवसाची दारू कागदावर येईपर्यंत बारा महिन्यांची झाली होती.

गोष्ट इथे संपत नाही. पुढे मुलीला स्थळ आले तेव्हा समोरच्यांना त्या ओळीतला मजकूर आधीच माहीत होता. बाप दारुडा, घरात भांडणे. कोणी सांगितले? कागद किती टेबलांवरून फिरला, किती झेरॉक्स निघाल्या, दुकानदाराने वाचल्या की शिपायाने, कोण सांगणार? स्थळ परत गेले. मदत बुडाली ती बुडालीच, वर अब्रूही गेली.

आता कोणी म्हणेल, खरेच पीत असेल तर लिहायचे नाही का? विचारण्यासारखा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की, पीत असला तरी सोसायटीचे कर्ज काही पिऊन नाहीसे होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ साली शेतकरी आत्महत्यांच्या कारणांचा अहवाल दिला. २००६ साली मुंबईच्याच इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा अहवाल आला. घरोघर जाऊन केलेल्या त्या कामातून दिसते ते हेच, की कर्ज, नापिकी, आजारपण, लग्नाचा खर्च, घरातला ताण हे एकमेकांत गुंतलेले असतात. त्यातला एकच धागा ओढून तेच कारण म्हणून लिहिणे ही चौकशी नव्हे.

समाजकार्याच्या शिक्षणात याचे धडे फार जुने आहेत. अमेरिकेतल्या मेरी रिचमंड बाईंनी १९१७ साली या विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिला. पुरावा कोणता, कोणी सांगितलेली गोष्ट कोणती आणि परिस्थितीवरून काढलेला अंदाज कोणता, यांत गल्लत करू नका, हे त्यात त्यांनी फोड करून सांगितले. आपल्या भाषेत सांगायचे तर पाहिलेले वेगळे लिहा, ऐकलेले वेगळे लिहा आणि आपल्याला वाटले ते त्याहून वेगळे. ऐकलेले असेल तर कोणाकडून, कोणत्या तारखेला, तेही लिहा. पेरणीच्या वेळी आपण वाणांच्या पिशव्या एकमेकांत मिसळू देतो का? पण माणसाविषयी लिहिताना तीन पिशव्या एकाच तिफणीत ओततो आणि त्याला 'असे समजते' हे नाव देतो.

मी सुद्धा यातून सुटलेलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेत गृहभेटीचे काम करत होतो. एका घरी सून एकटी भेटली, रडत रडत बरेच काही बोलली. मी रजिस्टरात लिहिले, 'सुनेच्या मते सासू उपाशी ठेवते.' पुढच्या महिन्यात माझ्या जागी दुसरा कार्यकर्ता गेला. त्याने ओसरीवर, सगळ्यांच्या देखत ते रजिस्टर उघडले आणि मागची नोंद मोठ्याने वाचून विचारले, "आता कसं चाललंय?" त्या सुनेचे पुढे काय झाले असेल, ते इथे लिहिण्याची गरज नाही. चूक त्याची म्हणावी तर तो बिचारा नियमाप्रमाणे मागची नोंद पडताळत होता. त्या सुनेला 'हे मी लिहू का, कुठे ठेवणार, कोण वाचणार' हे मी विचारले नव्हते. चूक तिथे झाली होती.

मग लिहूच नये का? ग्रामपंचायतीत बसून बरेच जण असेही म्हणतात, की कटकट नको, कोरे ठेवा. नाही बुवा, त्याचेही परिणाम आपण भोगले आहेत. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल २००१ साली आला, तेव्हा महाराष्ट्राला कळले की सरकारी कागदावर दिसतात त्याहून कितीतरी जास्त बालके प्रत्यक्षात मरत होती. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी डॉक्टर येत नाही, आहार येत नाही, पैसा येत नाही. वजनाच्या काट्यावर मूल सहा किलोचे आणि वहीत सात किलोचे, असे झाले की साहेब खूश, सेविका सुटली आणि लेकरू गेले. कोरी वही म्हणजे काही कोणाची राखलेली अब्रू नव्हे.

दोन्ही बाजूंनी कोंडी होते ती सतराव्या वर्षी दिवस गेलेल्या मुलीच्या बाबतीत. आपल्याकडे, विशेषतः ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत, अठराच्या आत लग्ने उरकली जातात, हे कोणी नाकारू नये. आशाताई नोंदणीला येतात, वय विचारतात. सासू म्हणते, "एकोणीस लिहा." सतरा लिहिले तर? २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलीशी संबंध हा गुन्हा आहे, आणि तो माहीत असून पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे. बालविवाहाबाबत तर गावात ग्रामसेवकच प्रतिबंधक अधिकारी असतो. म्हणजे आशाताईंनी खरे लिहिले की नवरा आत. घर त्यांच्यावर दगड घेऊन धावणार, आणि त्याच गावात त्यांना उद्या लसीकरणाला फिरायचे आहे. खोटे लिहिले तर ती मुलगी जोखमीच्या मातांच्या यादीत येत नाही. अंगात रक्त कमी, हाडे कोवळी. बाळंतपणात काही झाले तर कागद म्हणतो, एकोणीस वर्षांची धडधाकट बाई होती.

सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली गर्भपाताच्या एका प्रकरणात थोडी वाट काढून दिली. अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवताना मुलीचे नाव व ओळख देण्याची गरज नाही, असे सांगितले. पण ती वाट डॉक्टरांपुरती आहे. आशाताईंच्या वहीला तसे संरक्षण नाही.

माझे मत विचाराल तर वय कधीही खोटे लिहू नये. त्यात मुलीवर दया नाही, तिच्या जिवाशी खेळ आहे. पण वय विचारण्याआधी तिला एवढे सांगावे, की बाई, तू जे सांगशील त्यातले काही मला वर कळवावे लागेल, लपवता येणार नाही. "माझ्यावर विश्वास ठेव, कोणाला सांगणार नाही" असे आधी म्हणायचे आणि मग कळवायचे, हा सरळ सरळ दगा आहे. यावर एका अनुभवी आशाताईंनी मला सुनावले होते, "भाऊ, असं आधीच सांगितलं तर ती दवाखान्यातच यायची नाही. मग तुम्ही येता का बाळंतपण करायला?" त्यांचे खोटे नाही. हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. पण तो एकट्या आशाताईंच्या माथी मारून तालुक्याने मोकळे व्हावे, हे मला मान्य नाही. अशा वेळी कोणाला फोन करायचा, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सोबत यायचे की नाही, हे वरून लेखी ठरवून द्यायला हवे.

आता ग्रामसभेकडे येऊ. सरपंच मंडळी म्हणतील, तुम्हीच तर पारदर्शकता पारदर्शकता म्हणून ओरडता, लाभार्थ्यांच्या याद्या फलकावर लावा म्हणता, आणि आता झाकून ठेवा म्हणता! यात घोळ नाही. सरकारी पैसा कोणाला मिळाला आणि किती मिळाला, हे गावाला कळलेच पाहिजे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातले कलम ४ अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील आपणहून प्रसिद्ध करायला सांगते. हजेरीपटावर मेलेल्यांची नावे निघाली ती अशी माहिती उघड झाल्यामुळेच. पण घरकुलाच्या यादीत नाव आणि रक्कम असणे वेगळे, आणि 'नवऱ्याने टाकलेली', 'मुलगा मतिमंद', 'क्षयरोगी' असा खुलासा त्याच्यापुढे लावून भिंतीवर चिकटवणे वेगळे. पैसा गावाचा आहे, तो उघडा ठेवा. दुखणे त्या घराचे आहे, ते ज्या साहेबाने तपासायचे त्यालाच दाखवा.

२०१७ साली राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यात स्वस्त धान्य घेणाऱ्यांच्या घरांच्या भिंतींवर, आम्ही गरीब आहोत, सरकारी धान्य घेतो, अशा अर्थाच्या ओळी रंगवल्या गेल्या. देशभर टीका झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा एकमताने निकाल दिला. गरिबाला खासगीपणा कशाला हवा, असे विचारणारेही आपल्यात आहेत. त्यांनी आपल्या घराच्या भिंतीवर आपली थकबाकी रंगवून पाहावी.

इथे एक सावधगिरीची सूचना. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या पोटकलमात बदल केला आणि त्यातला जनहिताचा अपवाद काढला. व्यापक जनहिताची दुसरी तरतूद त्या कायद्यात अजून आहे, पण ती वापरणे अधिकाऱ्याच्या मनावर. उद्या रस्त्याच्या ठेकेदाराचे बिल मागितले तरी 'वैयक्तिक माहिती आहे' म्हणून अर्ज परत येऊ शकतो. तेव्हा खासगीपणाची ढाल कोणाच्या हातात आहे, हे बघत चला. ती टाकलेल्या बाईसाठी आहे, टक्केवारी खाणाऱ्यासाठी नाही. आणि स्वतःच्या फायलीची नक्कल मागणाऱ्या बाईंना 'वैयक्तिक माहिती' म्हणून परत पाठवणे ही तर थट्टाच झाली.

आम्हा लिहिणाऱ्यांनीही कान पकडायला हवेत. क्षयरुग्णांना पोषण आहाराचे किट देणारे 'निक्षय मित्र' २०२२ पासून पुढे आले. चांगले काम आहे, आणि रुग्णाच्या संमतीनेच ते व्हायचे आहे. पण संमती असते ती किट घेण्याची. मधोमध पाहुणे, बाजूला किट धरून उभे रुग्ण, खाली नावे, असे फोटो तालुक्या-तालुक्यांतून येतात आणि वर्तमानपत्रे ते छापतात. त्यातल्या एखाद्या तरुण मुलीचे लग्न ठरायचे असते, हे छापणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. त्या माणसाच्या लेखी संमतीशिवाय ही गोष्ट उघड करता येत नाही, आणि आशाताई, सरपंच, पोलीस पाटील, पत्रकार कोणीही त्यातून वगळलेला नाही.

मुलांच्या बाबतीत कायदा याहून पुढे गेला आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे प्रकरण निकाली निघाल्यावर पोलिसांना मुलाची नोंद चारित्र्याच्या दाखल्यासाठी सांगता येत नाही. सोळा वर्षांवरच्या मुलाने केलेल्या अतिगंभीर गुन्ह्यांचा अपवाद सोडला, तर ठरलेल्या मुदतीनंतर ते कागद नष्ट करायचे असतात. पंधराव्या वर्षी मोटारपंप चोरला म्हणून पंचविसाव्या वर्षी पोलीस भरतीच्या वेळी "तो? तो चोरटा आहे" असे सांगणाऱ्या गावकारभाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. नोंदीचेही वय संपते. गाव मात्र ते संपू देत नाही.

तीच गोष्ट मनाच्या आजाराची. २०१५ साली राज्याने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला. झोप लागते का, निराश वाटते का, असे प्रश्न आशाताई घरोघर जाऊन विचारू लागल्या. योजना शहाणपणाची होती. पण पाराजवळून जाताना कोणी "काय, वहीत नाव आलं का?" म्हणून हसले, की तो शेतकरी पुढच्या वेळी सगळे झकास आहे म्हणून सांगणार आणि आतल्या आत कुढत राहणार. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा अशी माहिती गुप्त ठेवायला सांगतो. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाकडे तो गुन्हेगार म्हणून नव्हे, तीव्र ताणाखालचा माणूस म्हणून पाहतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत जुने ३०९ कलमही राहिलेले नाही. आज मनावर ओझे असेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर मराठीत बोलता येते, गावातल्या कोणाच्या वहीत नाव न येता.

हे सगळे ठेवायचे कुठे, हा शेवटी साधा प्रश्न आहे, आणि त्याकडेच कोणी बघत नाही. आशाताईंची डायरी घरात टीव्हीशेजारी असते. दीर चाळतो, पोरे त्यावर गणिते करतात. त्यांना कपाट कोणी दिले आहे? आता तर मोबाईलवर माहिती भरायची. मोबाईल घरात एकच, तो संध्याकाळी पोराच्या हातात. वरून साहेबांचा निरोप, "रजिस्टरच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाका, काम दिसलं पाहिजे." एका पानावर वीस नावे, वीस घरांची दुखणी, आणि ग्रुपमध्ये दीडशे माणसे. फोटो टाकला नाही तर सेविकेला नोटीस, टाकला तर वीस घरे उघडी. मला विचाराल तर दोष तिचा नाही, निरोप धाडणाऱ्याचा आहे.

तेव्हा ग्रामपंचायतीच्या मंडळींनो, तलाठी-ग्रामसेवक भाऊसाहेब (आता कागदावर आपली नावे बदलली आहेत, गाव मात्र जुन्याच नावाने हाक मारते), येत्या बजेटात अंगणवाडीला आणि आशाताईंना एकेक कुलपाचे लोखंडी कपाट द्या. चौकशीचा जबाब घेतलात की सही घेण्याआधी वाचून दाखवा, आणि वाचून दाखवला असे लिहा. 'समजते' लिहायचे असेल तर पुढे कोणाकडून, तेही लिहा. लिहिता येत नसेल तर ती ओळच खोडा. आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते वाचायला द्या. त्याचे म्हणणे वेगळे असेल तर तेही खाली चार ओळींत येऊ द्या. फायलीत जागा असते.

त्या बाईंनी फेरचौकशीचा अर्ज दिला आहे. दोन्ही शेजाऱ्यांनी नवे जबाब दिले, या वेळी वाचून. जबाब लिहून झाल्यावर कारकुनाने बाईंपुढेही कागद सरकवला आणि सहीची जागा दाखवली. बाईंनी पेन बाजूला ठेवले, पदराने चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मागे रांग लागली होती. कारकून म्हणाला, "मावशी, लवकर करा." मावशींनी पान उलटले.